बॅटरीवरचा आळ

जुनी बुलेट सुरू करणं हा एक छोटा विधी असतो. चावी फिरवायची आणि किक एकदम न मारता पायाने हळूहळू दाबत न्यायची. नजर मात्र पायाकडे नाही, वर, हेडलाइटच्या टोपीत बसवलेल्या चिमुकल्या अँपिअर मीटरवर. इग्निशनचे पॉइंट्स मिटलेले असताना त्याचा काटा वजाकडे झुकलेला असतो. किक दाबता दाबता एका जागी तो टुणकन मध्यावर येतो. पॉइंट्स उघडले, पिस्टन दाबाच्या टोकाला आला. आता डीकॉम्प्रेसर ओढायचा, पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकच लाथ.

बहुतेक जण हा काटा एवढ्याच कामापुरता वापरतात. गाडी फटफटायला लागली की त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. खरं तर त्याचं मुख्य काम तिथून सुरू होतं. मध्यावर शून्य असलेला हा मीटर म्हणजे बॅटरीची खतावणी. काटा अधिककडे गेला तर जमा, वजाकडे गेला तर नावे. सिग्नलला इंजिन मंद चालत असताना तो थोडा वजाकडे असेल तर काळजीचं कारण नाही. बॅटरी भरलेली असताना शून्याला चिकटून बसला, तरी उत्तमच. पण मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात तो वजाकडेच रेंगाळत असेल, तर खातं रोज थोडं थोडं बुडतंय. हे कित्येक दिवस डोळ्यांसमोर चाललेलं असतं. गाडी बंद पडते तेव्हा मात्र आपण म्हणतो, "बॅटरी गेली."

बॅटरीवर हा आळ येतो, याला एक साधं कारण आहे. नवी बॅटरी दुकानातून भरूनच येते. ती बसवली की हॉर्न खणखणीत, इंडिकेटर तालात, पहिल्या किकला इंजिन. दुखणं बरं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त भरलेली घागर आणून ठेवलेली असते, नळाला पाणी येतं की नाही हे पाहिलेलंच नसतं. पॉइंट्सच्या बुलेटची इग्निशन कॉइल पॉइंट्स मिटलेले असताना साधारण तीन-साडेतीन अँपिअर घेते, म्हणजे सरासरी दीड-दोन अँपिअर. बॅटरी पाच अँपिअर-तासांची असेल आणि चार्जिंग अजिबात होत नसेल, तर अडीच-तीन तासांत खेळ संपतो. असा पूर्ण बंद पडलेला आजार लगेच सापडतो. छळतो तो अर्धवट आजार. चार्जिंग होतं, पण खर्चापेक्षा थोडं कमी. मग नवी बॅटरी पंधरा दिवस, कधी महिनाभर चालते, आणि आपण बॅटरी बनवणाऱ्याला शिव्या देतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या बुलेटची चेसिस मी हौसेने रंगवून घेतली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात गाडी माझ्यासकट उभी राहिली. मी एक बॅटरी बदलली. सहा आठवड्यांनी दुसरी. मग एका मिस्त्रींनी आरआर, म्हणजे रेक्टिफायर-रेग्युलेटर युनिट गेल्याचं निदान केलं, तेही बदललं. काटा होता तिथेच. मल्टीमीटर घरात होता, पण तो मी मुलाच्या खेळण्यांचे सेल तपासायला वापरत होतो.

आता हे यंत्र नेमकं करतं काय, ते पाहू. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज उपजते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. मोटारसायकलमध्ये हा चुंबक सरळ क्रँकच्या टोकावर बसवतात, तोच रोटर. त्याच्याभोवती वेटोळ्यांची थाळी असते, तो स्टेटर. आपले मिस्त्री त्यांना मॅग्नेट आणि कॉइल प्लेट म्हणतात. ब्रिटिश गाड्यांत आधी डायनामो असत. ट्रायम्फने १९५३ च्या स्पीड ट्विनला लुकास कंपनीचा आल्टरनेटर बसवला आणि पुढे हीच पद्धत रुळली. मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटच्या पुढच्या पिढ्यांतही हीच रचना दिसते: डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनच्या पेटीत, तेलात भिजत, क्रँकसोबत फिरणारा चुंबक.

या विजेत दोन खोड्या आहेत. पहिली, ती उलटसुलट दिशेने वाहते आणि बॅटरीला तर एकाच दिशेची हवी. त्यासाठी डायोड असतात. विहिरीच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये जी एकमार्गी झडप असते, तेच त्यांचं काम. दुसरी खोडी जास्त मजेशीर आहे. कायमच्या चुंबकाची ताकद कमी-जास्त करता येत नाही. इंजिन जोरात फिरलं की तो मुकाट्याने जास्त वीज बनवतो, गरज असो वा नसो. मग जादाचं करायचं काय? धरणाला असतो तसा सांडवा ठेवायचा. ठरलेल्या व्होल्टेजच्या वरची वीज रेग्युलेटर जमिनीकडे सोडून देतो. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत हे काम एकटा झेनर डायोड करी. जादाची वीज त्याच्यात उष्णता होऊन जाई, म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवून वाऱ्यात ठेवत. पुढे झडपा आणि सांडवा एकाच पंख असलेल्या डबीत आले. तेच आपलं आरआर युनिट. ते गरम होतं म्हणून घाबरायचं नसतं. अर्धा तास गाडी चालवूनही ते थंडगार असेल, तर मात्र मला संशय येतो.

तपासाची सुरुवात बॅटरीपासूनच करायची, पण आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी काहीही चालू न करता मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर टोकं टेकवा. भरलेली निरोगी बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळाला आलेली. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरूनही ती साडेदहाच्या आसपास अडकत असेल, तर सहापैकी एक कप्पा मेला. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टचा असतो, त्यामुळे हा आकडा स्वतःच कबुली देतो. अशा वेळी बॅटरी खरोखर गेलेली असते. तिचा दोष कधीच नसतो, असंही मी म्हणणार नाही.

एक गोष्ट अगदी पक्की धरा: अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर पुढची कोणतीही चाचणी करू नका. आधी ती बाहेर काढून भरून घ्या. उपाशी बॅटरी मिळेल ती वीज ओढून घेते आणि व्होल्टेज खाली ठेवते. मग चांगल्या आल्टरनेटरवरही नापासाचा शिक्का बसतो.

आता इंजिन सुरू करा, मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही. मीटर बॅटरीवरच राहू द्या. आयडलला आकडा तेराच्या आसपास रेंगाळेल. थ्रॉटल हळूहळू वाढवा. मध्यम वेगाला तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येऊन थांबला पाहिजे आणि आणखी रेस केली तरी तिथेच थांबला पाहिजे. थांबणंही चढण्याइतकंच महत्त्वाचं. तो पंधराच्या वर चढत गेला तर सांडवा बंद आहे. अशा गाडीत बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते, बल्ब एकामागून एक उडतात. आणि आकडा साडेबाराच्या पुढे सरकलाच नाही, तर वीज बनत नाही किंवा बनूनही पोचत नाही. या "किंवा"मध्येच सगळं निदान दडलेलं आहे. काही मिस्त्री इथे चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहतात. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, म्हणे. तसं करू नका. बॅटरी नसताना व्होल्टेज उसळतं आणि चांगलं आरआर युनिट, बल्ब सगळं एका क्षणात जाऊ शकतं.

माझ्या गाडीचा आकडा १३.१ वर येऊन थांबत होता. धड आजारी नाही, धड निरोगीही नाही. याच मुक्कामावर बहुतेक लोक सुटे भाग बदलायला लागतात, आणि याच मुक्कामावर एक चाचणी अशी आहे की ती आधी केली असती तर माझ्या दोन बॅटऱ्या वाचल्या असत्या.

ती चाचणी म्हणजे वाटेतली गळती मोजणं. इंजिन मध्यम वेगात चालू ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं आरआर युनिटच्या उघड्या धातूवर टेकवा. दोन्ही जागा अर्थच्याच, त्यामुळे फरक शून्य यायला हवा. ०.२ व्होल्टपर्यंत चालतो. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं युनिटमधून निघणाऱ्या चार्जिंगच्या वायरीवर. तिथेही तेवढाच. लक्षात घ्या, हे ओहम मोजणं नव्हे. गंजलेला सांधा इंजिन बंद असताना ओहमच्या मापात निर्दोष दिसतो, कारण मीटर त्यातून नखभर करंट सोडतो. तोच सांधा पाच अँपिअर वाहायला लागले की बोलका होतो: ०.१ ओहमचा अडथळा, पाच अँपिअर, म्हणजे अर्धा व्होल्ट गायब. चौदातला अर्धा व्होल्ट किरकोळ वाटेल. पण बॅटरी भरते ती तिच्या स्वतःच्या पावणेतेरा आणि आपल्या चौदा यांच्यातल्या सव्वा व्होल्टच्या फरकावर. अर्धा गेला म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद गेली.

माझ्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हपासून युनिटच्या अंगापर्यंत १.१ व्होल्ट दिसले. मी आधी मीटर बिघडला असं समजलो. युनिट चेसिसला ज्या बोल्टने बसवलं होतं, त्याच्याखाली रंगाचा सुरेख, चकचकीत, जाड थर होता. रंगाऱ्याने काम चोख केलं होतं. वीज बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वाट काढत होती.

आता यातला बारकावा पाहा. रेग्युलेटर आपल्या अंगापासून मोजतो. त्याला वाटत होतं, मी १४.२ व्होल्ट देतोय, पुरे झालं, सांडवा उघडा. त्यातला १.१ रंगात अडकत होता आणि बॅटरीला मिळत होते १३.१. युनिट इमानेइतबारे काम करत होतं, फक्त चुकीच्या जागी उभं राहून. म्हणूनच नवं युनिट बसवूनही काही फरक पडला नाही. काही जपानी गाड्यांत याच्या उलटा प्रकार घडतो. तिथे रेग्युलेटर इग्निशन स्विचमधून येणाऱ्या वेगळ्या वायरीवरून व्होल्टेज पाहतो. स्विचच्या आत गंज चढला की त्याला आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि बॅटरी अजून उपाशी आहे असं समजून तो तिला नको इतकं खाऊ घालतो. गंज तोच, आजार अगदी उलट.

पॉलिश पेपरने दोन रुपयांएवढी जागा घासून धातू उघडा केला. युनिटच्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी जाड वायर टाकली, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. आकडा १४.१. ही वेगळी अर्थ वायर मी आता प्रत्येक जुन्या गाडीला टाकायला सांगतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला तर दोन.

सांधे निर्दोष निघाले, तरच स्टेटरकडे वळायचं. स्टेटर आणि आरआर युनिट यांच्यातला कपलर सोडवा आणि आधी नुसता डोळ्यांनी पाहा. प्लॅस्टिक तपकिरी, वितळलेलं, पिन काळी पडलेली असेल, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. ढिल्या पिनेत उष्णता होते, उष्णतेने पिन आणखी ढिली होते. मग मीटर एसीवर घ्या, इंजिन सुरू करा, स्टेटरकडून येणाऱ्या वायरींमधला व्होल्टेज पाहा. थ्रॉटलबरोबर तो भराभर चढला पाहिजे, आणि बॅटरीच्या व्होल्टेजच्या कितीतरी पुढे गेला पाहिजे. मोठ्या गाड्यांत स्टेटरमधून एकाच रंगाच्या तीन वायरी येतात. तिथे दोन-दोनच्या तिन्ही जोड्या मोजायच्या. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही सारखे आले का, हे जास्त बोलतं. दोन जोड्या चाळीस आणि एक बारा दाखवत असेल तर बिघाड स्टेटरमध्ये आहे.

इंजिन बंद करून ओहमही पाहा, पण त्यावर फार विसंबू नका. ही वेटोळी जाड तारेची, एक ओहमच्या आतबाहेरची, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींतच ०.२-०.३ ओहम जातात. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. उपयोगाची ओहम चाचणी वेगळी आहे: तीन वायरींच्या स्टेटरमध्ये कोणत्याही वायरीचा चेसिसशी संबंध दिसता कामा नये. दिसला तर इन्सुलेशन गेलं, स्टेटर शॉर्ट.

इथे एक सापळा आहे, त्यात चांगले मिस्त्री अडकलेले मी पाहिलेत. सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या जुन्या मॉडेलांत एकच वेटोळं असतं आणि त्याचं एक टोक मुद्दामच अर्थला, म्हणजे हिरव्या वायरीला जोडलेलं असतं. पांढरी वायर चार्जिंगची, पिवळी हेडलाइटची, लाल बॅटरीकडे जाणारी. तिथे पांढऱ्या वायरीचा चेसिसशी संबंध दिसणारच. तो पाहून "कॉइल शॉर्ट आहे" म्हणणं म्हणजे निरोगी माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणं.

या गाड्यांबद्दलचा आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. त्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट कॉइलच्या एसीवर चालतो, म्हणून थ्रॉटलबरोबर उजळतो आणि सिग्नलला मिणमिणतो. इग्निशनलाही बॅटरी लागत नाही. परिणामी बॅटरी पार मेली तरी जुनी स्प्लेंडर किकवर सुरू होते आणि हेडलाइट लावून गावभर फिरते. मालक म्हणतो, "लाइट तर झकास आहे, चार्जिंग ठीकच असणार." झकास लाइट हा इथे चार्जिंगचा पुरावा नव्हे. या गाडीत खरं बोलतो तो हॉर्न. बुलेटचं उलट: तिथे पॉइंट्सना बॅटरीच पाजते, त्यामुळे आधी गाडी मिसफायर करते आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

जुन्या येझदी-जावा चालवणाऱ्यांना वरचं पुष्कळसं लागू नाही. म्हैसूरच्या त्या बहुतेक गाड्यांत आल्टरनेटर नव्हता, सहा व्होल्टचा डायनामो होता. कार्बन ब्रश झिजणं, कॉम्युटेटरवर काजळी बसणं, रेग्युलेटरचे पॉइंट्स चिकटणं हे त्यांचे नेहमीचे आजार. त्यांचा चुंबक कायमचा नसतो, विजेने बनतो. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली तर त्यातला उरलासुरला चुंबकपणाही जातो आणि सगळे भाग चांगले असूनही डायनामो जागा होत नाही. मग फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्याला उठवावं लागतं. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लागेल.

स्टेटर चांगला, सांधे स्वच्छ, वायरी शाबूत, आणि तरीही आकडा चढत नाही किंवा थांबत नाही, तेव्हाच आरआर युनिटचा नंबर. मीटरच्या डायोडच्या खुणेवर एका दिशेने ०.४ ते ०.७ आणि टोकं उलटवली की काहीच नाही, असं दिसलं तर झडपा ठीक. पण सांडव्याची परीक्षा अशी टेबलावर होत नाही. बाकी सगळं निर्दोष ठरलं म्हणून युनिट दोषी, एवढंच म्हणता येतं. शेवटी दुसरं चांगलं युनिट लावून पाहणं हाच खरा पुरावा.

राहिला रोटर. लुकासच्या रचनेत रोटर आणि स्टेटर यांच्यात आठ थाउ, म्हणजे ०.२ मिलिमीटर फट लागते. क्रँकचं बेअरिंग ढिलं झालं की रोटर स्टेटरला घासतो. बुलेटची प्रायमरी पेटी उघडल्यावर स्टेटरच्या आतल्या बाजूला एकाच जागी चकाकी दिसली, तर दुखणं विजेचं नाही, इंजिनचं आहे. पेटीतून बाहेर येणारी वायरही तेव्हाच बोटांनी वाकवून पाहा. वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाऊन तिचं आवरण कडक होतं, चिरतं, आणि पेटीच्या कडेला टेकतं.

आणि कधी कधी बिघाड काहीच नसतो. जुन्या लुकास आल्टरनेटरची ताकद शे-सव्वाशे वॅट, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. त्यावर कोणी ५५ वॅटचे दोन फॉग लाइट लावले, तर ११० वॅट तिथेच संपले. मल्टीमीटर कितीही चांगला असला तरी या हिशेबात तो काही करू शकत नाही. लाइट काढा.

तुमची गाडी ज्या दिवशी ठणठणीत असेल, त्या दिवशी हे आकडे एकदा मोजून ठेवा: उभ्या बॅटरीचा, आयडलचा, मध्यम वेगाचा, अर्थच्या गळतीचा आणि स्टेटरच्या एसीचा. कागदावर तारीख घालून तो सीटखाली चिकटवा. माझ्या सीटखाली तो आहे. आणि मिस्त्रींनी काढून दिलेलं जुनं आरआर युनिट टेबलाच्या खणात आहे. नंतर मी ते गाडीला लावून पाहिलं: १४.१.